घर दोघांचे, पण मागे राहणाऱ्याचे किती?

करारनाम्यावर दोघांची नावे, पासबुकावर दोघांची नावे, सोसायटीत एकमेकांचे नॉमिनेशन. एवढे असले की ‘एकाचे बरेवाईट झाले तर सगळे आपोआप दुसऱ्याचे’ अशी बहुतेक जोडप्यांची समजूत असते. कायदा मात्र वेगळेच सांगतो.

नवा फ्लॅट घेतला की दारावर पाटी लागते. पूर्वी त्या पाटीवर फक्त यजमानांचे नाव असे. आता नवरा-बायको दोघांची नावे असतात आणि ते चांगलेच आहे. करारनामाही दोघांच्या नावावर होतो, कारण बँक कर्ज देताना दोघांचा पगार धरते. वास्तुशांत होते, हप्ते सुरू होतात, कागदपत्रांची फाइल कपाटात वरच्या फळीवर जाते. ती पुन्हा खाली येते ती बहुधा एखाद्या वाईट दिवसानंतरच.

तेव्हा घरातल्या बाईला पहिल्यांदा कळते की ‘दोघांचे घर’ आणि ‘मागे राहील त्याचे घर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तिच्या हातातल्या कागदावर आहे. दुसरी तिने आणि तिच्या नवऱ्याने गृहीत धरलेली होती, कुठे लिहिलेली नव्हती.

दोन नावांचा अर्थ

इंग्लंडच्या कायद्यात सामाईक मालकीचे दोन प्रकार आहेत. एकात दोघेही पूर्ण मालमत्तेचे मिळून मालक असतात. एक गेला की त्याचा हक्क तिथेच संपतो आणि सारी मालमत्ता हयात असलेल्याकडे राहते. वारसांचा प्रश्नच येत नाही. याला तिकडे ‘जॉइंट टेनन्सी’ म्हणतात आणि मागे राहणाऱ्याच्या या हक्काला आपल्या कायद्याच्या भाषेत ‘उत्तरजीवित्व’. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाचा वाटा वेगळा धरला जातो. वाटणी झालेली नसली तरी वाटा असतो आणि मालक गेल्यावर तो त्याच्या वारसांकडे जातो.

अमेरिकेच्या अनेक राज्यांत नवरा-बायकोंना मागे राहणाऱ्याच्या हक्कासह घर घेता येते. कॅलिफोर्नियात तर २००१ पासून पती-पत्नींच्या सामाईक मालमत्तेलाही हा हक्क दस्तात लिहून जोडता येतो. आपली मुले-सुना तिकडे घर घेतात तेव्हा त्यांच्या कागदावर हे शब्द असू शकतात. इकडच्या आईवडिलांना वाटते, आपल्याकडेही तसेच असेल.

आपल्याकडे तसे नाही. १८९६ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने सांगून ठेवले आहे की दोन हिंदू व्यक्तींना मिळून मालमत्ता दिली आणि दस्तात आणखी काही स्पष्ट लिहिले नाही, तर दोघांचे वाटे वेगळे धरायचे. उत्तरजीवित्वाची कल्पना हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेपुरती होती. नवरा-बायकोने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फ्लॅटशी तिचा संबंध नाही. दस्तातच निःसंदिग्ध शब्दांत तसे लिहिले असेल तर गोष्ट निराळी. पण बिल्डरच्या छापील करारनाम्यात असे वाक्य सहसा नसते.

अर्ध्याचे चार वाटे

आकडे घेऊन पाहू. समजा, एका हिंदू जोडप्याचा ८० लाखांचा फ्लॅट आहे आणि दोघांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. पतीचे निधन झाले. मृत्युपत्र केलेले नाही. मागे पत्नी, दोन मुले आणि पतीची आई आहे.

पत्नीचे स्वतःचे ४० लाख तिचेच. प्रश्न पतीच्या ४० लाखांचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि त्यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे चौघांना दहा-दहा लाख. पत्नीचे झाले ५० लाख, दोन मुलांचे २० आणि सासूबाईंचे १०. सासरे हयात असले तरी ते पहिल्या वर्गात येत नाहीत.

सासूबाईंना वाटा मिळण्यात अन्याय काही नाही. मुलगा गेलेल्या आईलाही आधार हवाच. अडचण पुढे येते. सासूबाई मृत्युपत्र न करता गेल्या की त्यांचे ते दहा लाख त्यांच्या सगळ्या मुलांमध्ये वाटले जातात. गेलेल्या मुलाचा भाग त्याच्या मुलांना मिळतो, पण दीर आणि नणंदाही आता या फ्लॅटचे वाटेकरी होतात. फ्लॅट विकायचा झाला तर त्यांच्या सह्या लागतात. घरात गोडी असेल तर हक्कसोडपत्र होऊन जाते. गोडी नसेल तर कोर्ट.

मुले अज्ञान असतील तर आणखी एक गाठ पडते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार अज्ञान मुलांच्या वाट्याची स्थावर मालमत्ता त्यांच्या आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मोठे घर विकून लहान घरात जावे आणि उरलेल्या पैशांत मुलांची शिक्षणे करावीत, असा विचार करणाऱ्या विधवेला आधी वकील गाठावा लागतो. कायद्याचा हेतू मुलांच्या रक्षणाचा आहे, पण वेळ आणि पैसा तिचाच जातो.

कर्ज बाकी असेल तर त्याचा हिशेब मात्र वाट्यांप्रमाणे होत नाही. ती सहकर्जदार असेल तर बँक उरलेली सगळी रक्कम तिच्याकडून मागू शकते. मालकी पाच अष्टमांश आणि हप्ता पूर्ण, असे होते. म्हणून कर्जाबरोबर दोघांच्याही आयुष्याचा विमा हवा. केवळ ‘मुख्य’ कमावत्याचा पुरत नाही.

वरचे वाटे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांचे. ख्रिस्ती कुटुंबात १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे, मुले असतील तर विधवेला एक तृतीयांश मिळते. पारशी कुटुंबात विधवा आणि मुलांचे वाटे सारखे असतात. मुस्लिम कायद्यात मुले असतील तर पत्नीला एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश, आणि मृत्युपत्राने देता येते ते साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच. धर्म कोणताही असो, ‘आपोआप सगळे तिचे’ हे यांपैकी कुठेच बसत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

‘पण माझे नॉमिनेशन आहे ना!’ हे उत्तर घरोघरी ऐकू येते. नॉमिनेशन जरूर करावे. पण त्याचा अर्थ समजून करावे.

सोसायटीतला सभासद गेल्यावर सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, याची सोय म्हणजे नॉमिनेशन. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे नवे प्रकरण आले, त्यात नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ म्हटले आहे, म्हणजे वारस ठरेपर्यंतचा. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात हेच सांगितले. सोसायटीने नॉमिनीच्या नावाने नोंद करावी, पण मालकी कोणाची हा वारसांमधला प्रश्न खुला राहतो. शेअर बाजारातल्या शेअर्सबाबत तोच निर्णय डिसेंबर २०२३ मध्ये आला.

बँकेतही तेच. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ या खात्यातून बँक मागे राहिलेल्याला पैसे देते आणि मोकळी होते. त्या पैशांवर इतर वारसांचा हक्क असेल तर तो बुडत नाही, ते नंतर मागू शकतात. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. नावे वाढली तरी तत्त्व तेच.

अपवाद आयुर्विम्याचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीत पती, पत्नी, मुले किंवा आईवडील यांना नॉमिनी केले असेल, तर ती रक्कम त्यांची स्वतःची होते. आणि १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे पॉलिसी काढली, तर पतीचे सावकारही त्या रकमेला हात लावू शकत नाहीत. ज्यांच्या यजमानांचा धंदा कर्जावर चालतो, त्या घरांनी ही गोष्ट विमा एजंटाला आवर्जून विचारावी.

त्याचा पगार हप्त्याला, तिचा किराण्याला

वरच्या हिशेबात आपण निम्मा-निम्मा वाटा धरला. तो तरी खात्रीचा असतो का?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात नियम आहे. दोघांनी मिळून मालमत्ता घेतली आणि वाटे लिहिले नाहीत, तर ज्याने जितका पैसा घातला तितका त्याचा वाटा. कोणी किती घातला याचा पुरावा नसेल, तरच सारखे वाटे धरले जातात.

आता आपल्या घरांत काय चालते ते आठवा. त्याच्या पगारातून घराचा हप्ता जातो. तिच्या पगारातून किराणा, दूधवाला, मुलांची फी, सासूबाईंची औषधे. दोघांची ओढाताण सारखीच. पण वीस वर्षांनी बँकेचा उतारा काढला तर घर त्याने एकट्याने फेडलेले दिसते आणि तिने घातलेले सगळे खाऊन-पिऊन संपलेले असते. सारे सुरळीत असते तोवर कोणी उतारे काढत नाही. घटस्फोटाची वेळ आली किंवा नवरा गेल्यावर दिराने हरकत घेतली, की तेच कागद पुढे येतात.

जी बाई नोकरीच करत नाही तिचे काय? जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले की घर सांभाळणारी पत्नीही मालमत्ता उभी करायला हातभारच लावत असते. त्या प्रकरणातल्या काही मालमत्तेत पत्नीचा निम्मा वाटा न्यायालयाने मान्य केला. निर्णय दिलासा देणारा आहे. पण लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची, असा कायदा देशभरासाठी नाही. घटस्फोटात पत्नीला पतीच्या मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये मंजूर केले होते. ते कायदा होऊ शकले नाही.

यावर साधा उपाय आहे. करारनाम्यात वाटे लिहा. ‘प्रत्येकी निम्मा’ एवढे शब्दही बरेच भांडण वाचवतात. शक्य असेल तर दोघांच्या खात्यांतून थोडा-थोडा हप्ता जाऊ द्या. पत्नीच्या वाट्याचे पैसे पतीने भरले असतील तर त्या वाट्याचे भाडे प्राप्तिकरासाठी पतीच्या उत्पन्नात धरले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

मुद्रांक शुल्काच्या सवलतीबद्दलही गैरसमज आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घरखरेदीत स्त्रियांना एक टक्का सवलत आहे, पण घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्याच नावे असेल तर. पतीचे नाव जोडले की ती मिळत नाही.

सातबाऱ्यावरची लक्ष्मी

शहरात फ्लॅटचा प्रश्न, तर गावात जमिनीचा. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी १९८६ मध्ये चांदवडला महिलांचे मोठे अधिवेशन भरवले. पुढे त्याच विचारातून ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम निघाली: नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने बायकोच्या नावे करावा. शेतात राबते ती, पण सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, हे ऋण फेडावे असा तिचा अर्थ. १९९२ मध्ये राज्य सरकारनेही अशा नोंदींसाठी आदेश काढला. नंतर गावठाणातल्या घरांची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याची ‘घर दोघांचे’ ही मोहीमही महाराष्ट्रात राबवली गेली. या नोंदींमुळे बाई हयातीतच मालक होते, हे त्यांचे मोल. नवऱ्याच्या नावावर जो भाग उरतो त्याला मात्र वारसांचाच नियम लागतो.

गोव्यात निम्मे लग्नाबरोबरच

देशात एका राज्यात चित्र वेगळे आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात, १८७० पासून, जो नागरी कायदा लागू झाला, त्यात लग्न करणाऱ्या जोडप्याने लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र धरली जाते. लग्नाआधीची आणि नंतरचीही. त्यात प्रत्येकाचा निम्मा हक्क. करारावर नाव कोणाचे आणि हप्ता कोणी भरला हे पाहिले जात नाही. घर किंवा जमीन विकायची तर दोघांची संमती लागते. धर्म कोणताही असो, नियम हाच.

पती गेला तर पत्नीचा निम्मा भाग वारसाहक्कात मोडतच नाही, तो आधीपासून तिचाच असतो. वारसांमध्ये वाटणी होते ती उरलेल्या निम्म्याची. मुले असतील तर त्यातलाही निम्मा त्यांच्यासाठी राखीव असतो, मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. वारशाचा हा कायदा गोव्याने २०१२ मध्ये नव्याने केला आणि तो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता मुंबईत किंवा आणखी कुठे असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागेल.

म्हणजे मागे राहील त्याला सगळे, असे गोव्यातही नाही. पण निम्म्याची हमी आहे, आणि ती मागावी लागत नाही.

तिच्या मागे तिचे कोणाकडे जाते?

आतापर्यंत आपण पती आधी गेला असे धरून बोललो. पत्नी आधी गेली, तर तिचे मृत्युपत्र नसताना तिचा वाटा पती आणि मुलांना सारखा जातो. तिच्या आईवडिलांना काही मिळत नाही.

खरी गोम मूल नसलेल्या विधवेच्या बाबतीत आहे. ती मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, त्यानंतर तिच्या आईवडिलांचा क्रमांक. फक्त माहेरकडून वारशाने आलेली मालमत्ता माहेरी परत जाते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत नवरा गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले, माहेरच्यांनी शिकवले, ती नोकरीला लागली, तिने पैसा साठवला. तिच्या मृत्यूनंतर तो पैसा कोणाचा? न्यायालयाने कायद्याचे शब्द पाहिले आणि पैसा नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना गेला. तिने एका कागदावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या तर तो माहेरी गेला असता.

दोघे एकाच अपघातात गेले तर? कोण आधी गेले हे ठरवता येत नसेल, तर वयाने लहान असलेली व्यक्ती मागून गेली असे हिंदू वारसा कायदा धरतो. म्हणजे बहुतेक जोडप्यांत पत्नी मागे राहिली असे धरून पुढची सगळी वाटणी होते.

मग करायचे काय?

पहिले काम मृत्युपत्राचे. दोघांनीही, वेगवेगळे. हिंदू व्यक्तीला स्वतःच्या मालकीचा वाटा हवा त्याला देता येतो, तेव्हा आपला वाटा पत्नीला किंवा पतीला, असे लिहावे. दोघेही नसतील तर कोणाला, हेही लिहावे. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्यांनीही सही करावी. ज्याला मालमत्ता मिळणार त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. आईवडील पतीवर अवलंबून असतील तर त्यांची सोयही त्याच कागदात करावी. सासूबाईंना दहा लाखांचा कागदी वाटा मिळण्यापेक्षा त्या घरात शेवटपर्यंत राहण्याचा हक्क अधिक मोलाचा असू शकतो.

दुसरा मार्ग बक्षीसपत्राचा. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर पती किंवा पत्नीला बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार असल्यास वेगळा. नोंदणी मात्र सक्तीची. घर गहाण असेल तर बँकेची संमती घ्यावी. आणि दस्त करण्याआधी दोनदा विचार करावा, कारण दिलेले बक्षीस सहजासहजी परत घेता येत नाही.

तिसरे, मालकी, नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांत एकच गोष्ट लिहिलेली असू द्या. पॉलिसीवर लग्नाआधी घातलेले आईचे नाव, जुन्या खात्यावर भावाचे नाव, असे असेल तर बसून ते तपासा.

यातल्या कशालाच मोठा खर्च नाही. अडचण बोलण्याची आहे. ‘अहो, मृत्युपत्र करून ठेवू या का?’ असे म्हणायला बाईची जीभ रेटत नाही. तिला ते अशुभ वाटते, लोभीपणाचे वाटते. मग हा विषय नवऱ्यानेच काढावा. आपल्यामागे बायकोला कोणाच्या सहीसाठी ताटकळावे लागू नये, एवढी काळजी घेणे हा संसाराचाच भाग आहे. येत्या रविवारी कपाटावरची ती फाइल खाली काढा आणि करारनाम्यात तुमच्या दोघांचे वाटे कुठे लिहिले आहेत ते शोधा. लिहिलेले नसतील तर कामाला लागा.